गेटच्या बाहेरची गोळी

बाबा आणि माधवराव यांची ओळख तीस वर्षांची, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ओळख झाली ती एका चुकीमुळे.

इचलकरंजीत आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी, पत्रकं मनासाठी. यंत्रमाग कामगारांच्या बोनसचं पत्रक, दारूच्या दुकानाविरुद्धचं, अंगारे विकणाऱ्या बुवाविरुद्धचं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. शाळेच्या पुस्तकात ‘कमळ बघ’ होतं आणि घरी ‘जाब विचारा’. त्यांतलं एक पत्रक औषधांवर होतं. कंपनीनं ठेवलेलं नाव वेगळं आणि औषधाचं मूळ नाव वेगळं, तेव्हा दुकानात मूळ नाव विचारा, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. ते कुणाच्या तरी पिशवीतून मद्रासला पोहोचलं आणि तिथून एक पोस्टकार्ड आलं. जुन्या वळणाचं मराठी, अनुस्वारांनी भरलेलं: ‘आपलें पत्रक वाचून संतोष झाला. परंतु चवथ्या ओळींतील औषधाचें नांव चुकलें आहे.’ खाली सही, माधवराव, औषधशास्त्राचे शिक्षक.

बाबांनी पुढच्याच पत्रकात दुरुस्ती छापली, आणि ती मथळ्याच्या टायपात. ‘चूक झाली. दुरुस्त करून वाचावे.’ चूक मोठ्यानं केली की दुरुस्ती कोपऱ्यात करायची नाही, हा त्यांचा नियम. तेव्हापासून कार्डं जात-येत राहिली.

सात वर्षांपूर्वी बाबांना कंपवात झाला. हात थरथरतो तेवढंच लोकांना दिसतं. खरा त्रास ताठरपणाचा. पाय जमिनीला चिकटतात, चेहरा गोठतो, आवाज बसतो. आणि अक्षर. ज्यांनी भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं काढली, त्यांची ओळ सुरू व्हायची ज्वारीच्या दाण्याएवढी आणि संपायची मोहरीएवढी. त्यांनी पोस्टकार्डं लिहिणं सोडलं. मी लिहू लागले आणि माधवरावांना सगळं कळलं. त्यांची एक विद्यार्थिनी आता चेन्नईत मेंदूची डॉक्टर आहे. मेंदूत बारीक तार बसवायची शस्त्रक्रिया ती करते. त्यांनी लिहिलं: ‘घेऊन या. आमचें घर आहे.’

ही शस्त्रक्रिया सगळ्यांना चालत नाही. आधी एक चाचणी असते. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवायच्या, सकाळी माणूस ताठलेला असताना तपासायचं, मग मोठी मात्रा देऊन तासाभरानं पुन्हा तपासायचं. गोळीनं जो भरपूर मोकळा होतो, त्यालाच तारेचा उपयोग. त्या एका तासासाठी आम्ही चेन्नईला निघालो.

एग्मोर

स्टेशनवर माधवराव छत्री घेऊन उभे होते. ऊन होतं म्हणून छत्री. सडपातळ, पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, जाड काचांचा चष्मा. बाबांनी हात पुढं केला, तो थरथरत होता. माधवरावांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “अक्षर ओळखीचें होतें. आज हात ओळखीचा झाला.”

घर एग्मोर स्टेशनपासून जवळच, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, तिला तिथं कोलम म्हणतात. दार माधवरावांच्या पत्नीनं उघडलं. मी ‘काकू’ म्हणाले तर त्या हसल्या. “काकू म्हटलें तर मला वाटतें दुसरी कोणी आली. इथें दूधवाला, शेजारी, सगळे मामी म्हणतात. तूंही मामी म्हण.” त्या क्षणापासून माधवराव मामा झाले आणि बाबा झाले अण्णा.

या दोघांचे पूर्वज तंजावरला कधी गेले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांचं मराठी ऐकताना आधी गंमत वाटते आणि मग लाज. आपण कितीतरी शब्द सोडून दिले, ते यांनी तमिळच्या गर्दीत सांभाळून ठेवले आहेत. सूर मात्र पुरता तमिळ. वाक्य शेवटी वर चढतं, जणू प्रत्येक गोष्ट विचारूनच सांगायची आहे.

पहिल्या जेवणात पिटलं होतं. आमचं पिठलं घट्ट, भाकरीवर थापायचं. त्यांचं पातळ, चिंचेचं, वांग्याच्या फोडी घातलेलं, भातावर ओतायचं. शेजारी दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डांगर आमच्या घरी फक्त पापडांच्या दिवशी, आईच्या हाताखालून चोरून खायचं. आई गेल्यापासून आम्ही पापड विकतच आणतो.

“थोडें आणखी, अण्णा?” मामींनी विचारलं.

“थोडं नको,” बाबा म्हणाले, “पुष्कळ.”

बाबांची मुख्य गोळी लेव्होडोपाची. मेंदूत जो रस कमी पडतो, डोपामिन, तो तिच्यापासून तयार होतो. ही गोळी जेवणाआधी घ्यायची. मामींना हे पटेना. “अय्यो, रिकाम्या पोटीं मात्रै? पोट जळेल!” तमिळमध्ये गोळीला मात्रै म्हणतात. मी समजावलं की डाळीतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यात एकाच दारातून आत शिरतात. दाराशी गर्दी झाली की गोळी मागं राहते. मामींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे चेन्नईत पाहुण्याला कळत नाही.

जेवण झाल्यावर मामांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, शेकड्यांनी. तीस वर्षं ते मुलांना या पट्ट्या वाचायला लावत. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. पाहुण्यांकडून दुसरे लोक मिठाई घेतात, मामा रिकाम्या पट्ट्या घेतात.

“टाकूं नकोस हो,” ते मला म्हणाले. “संपल्या कीं मला दे.”

औषधाच्या दुकानात

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना तपासलं. चाळिशीच्या, आवाजात घाई नसलेल्या बाई. मामांना पाहून खुर्चीवरून उठल्या. चाचणी तीन दिवसांनी ठरली. मोठ्या मात्रेनं उलटी होते, म्हणून त्यांनी आजपासूनच एक गोळी लिहून दिली, दिवसातून तीनदा. डोम्पेरिडोन. कंपनीचं नाव नाही, मूळ नाव, आणि तेही मोठ्या ठळक अक्षरांत. मला एवढा आनंद झाला की मी त्या कागदाचा फोटो काढला. पत्रकासाठी.

बाबांना मामांबरोबर घरी पाठवून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदारानं एका मोठ्या कंपनीची चकचकीत पट्टी समोर ठेवली. त्यावर बारीक अक्षरांत तेच नाव होतं.

“ब्रँड नको,” मी म्हणाले. “जेनेरिक द्या.”

“धिस नेम, जेनेरिक नो स्टॉक, मॅडम.”

मग मी त्याला ऐकवलं. रुग्णाला साधं औषध मिळण्याचा हक्क, कंपन्यांची वेष्टनं, सगळं. इंग्रजीत, मधे हिंदी, राग आला की मराठी. मागं उभ्या असलेल्या एक बाई कौतुकानं पाहत होत्या, निदान मला तसं वाटलं. दुकानदार शांतपणे आत गेला आणि साधी, रंग नसलेली पट्टी घेऊन आला.

“जेनेरिक. सेम वर्क, मॅडम. वॉमिटिंग स्टॉप.”

मी पट्टी घेतली. जिंकल्यासारखी बाहेर पडले. घरी येऊन कात्रीनं गोळ्या सुट्या केल्या आणि बाबांच्या डबीत सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खणांत भरल्या. नाव छापलेला पट्टीचा तुकडा माझ्या वहीत खूण म्हणून राहिला.

पिटल्यावरचा खटला

त्या दिवशी उरलेल्या वेळात मी चेन्नई पाहायचं ठरवलं होतं. म्युझियमच्या लाल इमारती पाहिल्या. एका कळकट खानावळीत केळीच्या पानावर जेवले आणि पान कुठल्या बाजूला मिटायचं ते शेजारच्या आजोबांकडून शिकले. आपल्याकडून पलीकडं मिटलं तर ते मयताचं जेवण. मी नेमकं तसंच मिटलं होतं. आजोबांनी माझं पान उलगडलं आणि माझ्याकडं वळवून मिटलं.

संध्याकाळी परत आले तर बाबा खुर्चीत जसेच्या तसे बसलेले. कॉफी समोर गार झाली होती. तिथं कॉफी पितळी पेल्यात देतात, खाली खोल वाटी, आणि या भांड्यातून त्या भांड्यात ओतून ती निववायची असते. काल बाबांनी हे हौसेनं करून पाहिलं होतं. आज पेला उचलला जाईना.

दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. गोळी घेतल्यावर तासाभरात मोकळे होणारे बाबा मोकळे होईनात. मान खाली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. खोलीच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटले ते पाच मिनिटं.

मी कारण शोधलं आणि मला ते लगेच सापडलं. स्वयंपाकघरात.

“मामी, सकाळी पोंगल. त्यात मुगाची डाळ. वडा, उडदाची. दुपारी पिटलं, बेसन. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? प्रेमानं वाढलं म्हणून डाळीची प्रथिनं कमी होत नाहीत. परवा त्यांची चाचणी आहे. एवढ्या लांब आलोय आम्ही!”

मामींच्या हातात पळी होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली.

“सरि,” त्या म्हणाल्या. म्हणजे बरं. “उद्यांपासून डाळ नाहीं.”

बाबांनी खुर्चीतून खुणेनं मला जवळ बोलावलं. आवाज इतका बसला होता की कान तोंडाशी न्यावा लागला. “मी ताठलोय हे खरं,” ते म्हणाले, “पण तुझं भाषण माझ्याहून ताठ होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मामी फरशीवर वाकल्या होत्या. बाबांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत त्यांनी पिठाच्या आडव्या रेघा ओढल्या होत्या, रेल्वेच्या रुळांखालच्या पट्ट्यांसारख्या, एकेका पावलाच्या अंतरावर.

“काल पाहिलें,” मला न बघता त्या म्हणाल्या. “उंबऱ्याशीं अण्णांचे पाय अडतात. पण बाहेर कोलमची रेघ आली कीं ओलांडतात.”

बाबा उभे राहिले. पहिल्या रेघेकडं पाहिलं. पाय उचलला. मग दुसरी. न्हाणीघर आलं.

ताटात त्या दिवशी बिनडाळीचा सार-भात होता. तरीही बाबा मोकळे झाले नाहीत. मला वाटलं, आधीची डाळ अजून बाधत असेल. मनात एकदा खटला चालला की साक्षीदार वाकवता येतात.

चाचणी

दवाखान्यात खिडकीशी एक टेबल आणि भिंतीलगत चालण्यासाठी पट्टा आखलेला. बाबांनी रात्रीपासून मुख्य गोळी घेतली नव्हती. उलटीची घ्यायची होती, ती घेतली होती.

“तीन दिवसांचा कोर्स झाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी बोटं आपटायला लावली, मूठ उघडमीट करायला लावली, खुर्चीतून उठवलं, चालवलं. कागद पुढं करून म्हणाल्या, काहीही लिहा. बाबांनी सवयीनं छापखान्याचा पत्ता लिहिला. ‘इचलकरंजी’पर्यंत येताना अक्षरं दिसेनाशी झाली. मग पाण्याबरोबर मोठी मात्रा. आम्ही वाट पाहिली. तासानं पुन्हा सगळं. बोटं किंचित मोकळी होती. पाय तसेच. पत्ता तसाच.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “सुधारणा फार थोडी आहे,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “एवढ्यावर तार बसवली तर त्यांना काही मिळणार नाही. मी उगाच डोक्याला भोक पाडणार नाही. आय ॲम सॉरी.”

मामांनी ते बाबांना मराठीत सांगितलं. सांगताना त्यांचे शब्द आणखी जुने झाले. बाबांनी मान डोलावली. रिक्षात त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही मामांना उद्देशून: “भेट तर झाली.”

बिस्किटांचा डबा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅगा भरत होते. संध्याकाळची गाडी होती. मामी वाटेसाठी दहीभात कालवत होत्या, डाळ नसलेला, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. मामा डबा घेऊन आले.

“पट्ट्या?”

मी वही उघडली आणि खुणेचा तुकडा काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग काढलं आणि खिडकीशी गेले. तुकडा उजेडात धरून दोनदा वाचला.

“ही कोणाची?”

“बाबांची. उलटीची. डॉक्टरांनी लिहिलेली.”

“तिनें ही नाहीं लिहिली. ही मेटोक्लोप्रमाइड.”

“जेनेरिक आहे,” मी म्हणाले. “काम तेच.”

मामांनी मला बाल्कनीत नेलं. खाली कोपऱ्यावर श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस उभी होती, दुपारच्या पाळीची. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली चढत होती.

“कारखाना म्हणजे मेंदू समज,” ते म्हणाले. शिकवायला लागले की त्यांच्या बोलण्यातला सूर सरळ होत असे. “आंत कामाच्या जागीं खुर्च्या आहेत. डोपामिन म्हणजे कामगार. तो येऊन खुर्चीत बसला कीं यंत्र चालतें, हात हलतो, पाय उचलतो. पेशींवरच्या या खुर्च्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतों. तुझ्या वडिलांकडे खुर्च्या आहेत, कामगार कमी पडले. लेव्होडोपा कामगार पुरवते.”

“हे मला माहीत आहे, मामा.”

“ऐक. गेटबाहेर एक चहाची टपरी आहे. तिथेंही तशाच खुर्च्या. मळमळ, ओकारी, ती तिथून उठते. मेंदूचाच भाग, पण गेटच्या बाहेरचा. आतां ही दोन्ही उलटीचीं औषधें खुर्ची अडवणारीं. बसतात आणि कांहीं करीत नाहींत. डोम्पेरिडोनजवळ ओळखपत्र नाहीं. तें टपरीवरच बसतें, गेटवाला सहसा आंत सोडीत नाहीं. ओकारी थांबते, कारखाना चालू राहतो. आणि ह्याच्याजवळ,” त्यांनी तुकडा वर धरला, “ओळखपत्र आहे.”

खाली बसचं दार लागलं.

“म्हणजे चार दिवस मी…”

“चार दिवस आंतल्या खुर्च्यांवर हा बसून होता. काल तिनें एवढे कामगार पाठवले, ते बसणार कोठें?”

मी त्यांना सांगितलं की दुकानदारानं आधी योग्य औषध समोर ठेवलं होतं. नाव मी वाचलं होतं. वेष्टन कंपनीचं होतं म्हणून मी ते परत केलं, आणि वेष्टन साधं आहे म्हणून दुसरं औषध घेतलं. मूळ नाव विचारा, हे ज्या घरातून छापून गेलं, त्या घरातल्या मुलीनं मूळ नावच सोडून दिलं होतं. दुकानदाराचीही चूक होतीच. कागदावर एक नाव असताना दुसरं द्यायचा त्याला अधिकार नव्हता. पण सेम वर्क म्हणजे सेम औषध नव्हे, हे त्याच्यापेक्षा मला जास्त चांगलं ठाऊक होतं. मी त्याला भाषण दिलं, आणि पट्टी न वाचता दिलं.

मामांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. बोलणं तमिळमध्ये झालं, मधूनमधून त्या दोन औषधांची नावं. मग फोन माझ्या हातात दिला.

“ती गोळी आत्ता फेकून द्या,” डॉक्टर म्हणाल्या. “मीसुद्धा काल पट्टी पाहायला मागायला हवी होती. असर काही दिवसांत उतरायला लागेल, पण मी घाई करणार नाही. तीन आठवडे थांबा. पुन्हा चाचणी घेऊ.”

“नक्की सुधारेल?”

“ते चाचणीनंतर सांगेन.”

मी बाबांपाशी गेले. जमिनीवर बसून सगळं सांगितलं, दुकानातल्या भाषणासकट. त्यांचा चेहरा गोठलेला होता, रागावले की नाही ते वाचता येत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं.

मामी दहीभाताचा डबा बांधत होत्या.

“मामी, तुमच्या डाळीचा काही दोष नव्हता. गोळी मी चुकीची आणली. तुम्हाला नको ते बोलले.”

त्यांनी डब्याची गाठ सोडली. “संध्याकाळची गाडी रद्द?”

“हो. तीन आठवडे राहावं लागेल. आम्ही खोली बघतो कुठंतरी…”

“पोदुम्!” म्हणजे पुरे. मग थोडं थांबून: “वांगीं चीर. बारीक नको. पिटलें करायचें आहे.”

तीन आठवडे

घरात नवा करार झाला. गोळी जेवणाच्या तासभर आधी, पिटलं त्यानंतर. मामी घड्याळाकडं बघून गोळी द्यायच्या आणि गोळी दिली की स्वतःच हात जोडायच्या, रिकाम्या पोटाची माफी मागत असल्यासारख्या.

पहिल्या आठवड्यात फार फरक दिसला नाही. माझी झोप उडाली. बाबांना मात्र लागायची. मग एका सकाळी पलीकडच्या खोलीतून भांड्यातून भांड्यात कॉफी ओतल्याचा आवाज आला. मी धावत गेले. अर्धी कॉफी टेबलावर सांडली होती. बाबा विजयी मुद्रेनं उरलेली पीत होते. मुद्रा, म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते मामांबरोबर रोज सकाळी खालच्या गल्लीत जाऊ लागले. एका सकाळी आम्ही सगळे रिक्षानं समुद्रावर गेलो. चेन्नईचा समुद्र बघायला आधी वाळूचं एक अख्खं माळरान ओलांडावं लागतं. इतकी वाळू की पाण्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस का आलो ते विसरतो. मऊ वाळूत बाबांचे पाय अडले. मामींनी चप्पल काढली आणि टाचेनं वाळूत एक रेघ ओढली. पुढं दुसरी. पाण्यापर्यंत त्या रेघा ओढत गेल्या, साडी एका हातानं वर धरून, आणि बाबा एकेक रेघ ओलांडत त्यांच्या मागं. पोहायला आलेली कॉलेजची पोरं थांबून बघत होती.

“मामी, हें कसलें कोलम?” एकानं तमिळमध्ये विचारलं, असं मामांनी मला सांगितलं.

“गाडीचें,” त्या म्हणाल्या. “बाजूला हो, गाडी येते आहे.”

मी त्या दुकानात परत गेले. भाषण केलं नाही. डॉक्टरांचा कागद आणि मामांकडून मागून आणलेला पट्टीचा तुकडा शेजारी ठेवले. दुकानदारानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “फादर?” मी म्हटलं, “बरे आहेत, बहुतेक.” मग आतल्या मुलीला हाक मारून त्यानं ते दोन्ही दाखवले आणि बराच वेळ तमिळमध्ये तिला काही समजावलं. डोम्पेरिडोन त्यानं दिलं. कंपनीच्या चकचकीत वेष्टनात. मी उलटून नाव वाचलं आणि घेतलं. वेष्टनांविरुद्धचं माझं भांडण संपलेलं नाही. ते मी बाबांच्या अंगावर लढायला नको होतं, एवढंच.

पुन्हा तीच खोली

खिडकीजवळचं टेबल तेच. या वेळी डॉक्टरांनी आधी पट्टी मागितली, नाव वाचलं आणि मामांच्या हातात दिली. मामांनी भिंग काढून पुन्हा वाचलं. गुरुजी आणि विद्यार्थिनी, दोघांनीही.

सकाळच्या तपासणीत बाबा ताठलेले होते, जसे असायला हवे होते तसे. पत्ता मोहरीएवढा. मग मात्रा. मी घड्याळाकडं न बघण्याचं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं. मामी पदराच्या टोकाची गुंडाळी करत होत्या. अर्ध्या तासानं बाबांनी मान फिरवून मला विचारलं, “मघापासून तो पंखा आवाज करतोय का?” पंखा पहिल्या दिवसापासूनच करत होता. त्यांनी मान फिरवली होती, हे मला नंतर सुचलं.

तास झाला. बोटं आपटली गेली. खुर्चीतून हात न टेकता उठणं. आखलेल्या पट्ट्यावरून टोकापर्यंत आणि परत, वळताना न अडखळता. डॉक्टर आकडे मांडत होत्या, चेहऱ्यावर काही दाखवत नव्हत्या.

“काहीही लिहा,” त्या म्हणाल्या.

“मोठा कागद मिळेल?” बाबांनी विचारलं. मामांनी भाषांतर केलं. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक जुनं कॅलेंडर काढलं, पान फाडलं आणि मागची कोरी बाजू वर केली.

पत्ता लिहिला नाही त्यांनी. पेन उभं धरलं, ब्रश धरायचे तसं, आणि थरथर अजून बोटांत होती तरी ओळ डावीकडून उजवीकडं चालत गेली. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मोजपट्टी लावून पहिलं अक्षर मोजलं आणि मग शेवटचं.

“सारखंच आहे,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. “आता मी तारीख देऊ शकते.”

मामी तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या.

“काय लिहिलंय?” डॉक्टरांनी मला विचारलं. बाबांनी कॅलेंडरचं पान माझ्याकडं सरकवलं. या वेळी त्यांचा चेहरा वाचता येत होता, त्यामुळं त्यांना काय हवंय ते मला कळलं. मी उभी राहिले आणि डॉक्टरांना, मामांना आणि मामींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं:

“चूक झाली. दुरुस्त करून वाचावे.”